ड्रॉपडाउनमध्ये फिटर नव्हता

केळीच्या चिकाचा डाग निघत नाही. यावल-रावेरकडे वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तरी प्रकल्पात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नवाकोरा ड्रेस घालून बागेत गेले. संध्याकाळी आई दारातच म्हणाली, "एम.एस्सी. झाली तरी केयीत काय घालून जायचं ते समजलं न्ही तुले." तो ड्रेस पुढे तीन वर्षं बागेचाच होऊन राहिला. या डागाचा प्रकल्पाच्या मूल्यमापनाशी काही संबंध येईल, असं तेव्हा स्वप्नातही वाटलं नव्हतं.

प्रकल्प असा होता. केळीचा घड काढला की खोड मागे उरतं. हेक्टरी साठ-ऐंशी टन ओला माल, आणि त्याचं करायचं काय ते कुणालाच धड माहीत नाही. बांधावर टाकतात, नाल्यात लोटतात, कधी रस्त्याच्या कडेला ढीग लागतात. त्या खोडाच्या सोपटांतून, म्हणजे थरांतून, धागा काढायचा, उरलेल्या रसाचं द्रवखत करायचं आणि धाग्यापासून हातमागावर मिश्र कापड विणायचं, असा आराखडा होता. पैसा केंद्राच्या एका विभागाचा. भागीदार चार: विद्यापीठातला आमचा विभाग, एक कृषी विज्ञान केंद्र, वस्त्रतंत्राचं एक कॉलेज आणि एक शेतकरी उत्पादक कंपनी. माझं पद 'प्रकल्प सहयोगी', आणि नेमणूकपत्रात कामापुढे लिहिलं होतं 'संनियंत्रण व मूल्यमापन'. म्हणजे काय करायचं, हे विचारल्यावर सर म्हणाले, "दर तिमाहीला फॉरमॅट येतो. तो भरायचा."

फॉरमॅट खरंच येत होता. त्यात 'अपेक्षित नावीन्य' असा तक्ता होता आणि तो प्रस्तावातच भरून झालेला होता: पात्यांचा कोन बदललेलं सुधारित धागायंत्र, द्रवखत, मिश्र कापड. तिन्हींपुढे टीआरएलचे आकडे, 'आता ४, प्रकल्पाअखेर ७'. टीआरएल म्हणजे तंत्र किती पिकलं आहे ते सांगणारी एक ते नऊची पट्टी. नासात १९७४ च्या सुमारास तिची कल्पना निघाली आणि नऊ पायऱ्यांच्या सविस्तर व्याख्या १९९५ मध्ये लिहिल्या गेल्या. चार म्हणजे प्रयोगशाळेत चालतंय, सहा म्हणजे खऱ्यासारख्या परिस्थितीत चालवून दाखवलं, नऊ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालं. अवकाशयानासाठी झकास पट्टी आहे. यान एकदा चाललं की चाललं, चंद्रावर 'हे मले परवडत न्ही' म्हणणारं कुणी बसलेलं नसतं.

पहिलं वर्ष कशात गेलं म्हणाल, तर उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागला हे लिहून देण्यात. वित्तीय नियम २०१७ चा नमुना १२-क. तो भरल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि चार भागीदारांपैकी एकाचा जरी अडकला तरी चौघांचा अडकतो. आमच्यात तो नेहमी एकाचाच अडकायचा. कुणाचा, ते जाऊ द्या. त्यात निधी आता शून्य शिल्लक खात्यांतून येतो. मंजुरी दिसते, पैसा खात्यात पडून राहत नाही, आणि ३१ मार्चला जे खर्च झालं नाही ते परत जातं. यामागे सरकारचं कारण रास्त आहे, वर्षानुवर्षं अनुदानं बँकेत व्याज खात पडायची. पण केळीच्या कांदेबाग हंगामाची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिचा घड निघायला पुढचं जवळजवळ सगळं वर्ष, आणि खोड हाताला लागणार त्यानंतर. केळीला मार्च कळत नाही. आम्ही पहिल्या मार्चअखेर घाईघाईत दोन लॅपटॉप आणि एक रंगीत प्रिंटर घेतला. त्या तिमाहीचा खर्च शंभर टक्के आणि प्रगतीपुढे शेरा 'समाधानकारक'.

दुसरा मोठा आकडा प्रशिक्षणार्थींचा. बचत गटांच्या बायकांना धागा काढायला शिकवायचं होतं. दर शिबिराला हजेरीपट, सह्या, जेवणाचे फोटो. दीड वर्षात माझ्या तक्त्यात ३१२ महिला जमल्या. मी तो आकडा ठळक अक्षरात टाकत असे. चूक माझीच आहे, म्हणून सांगते: त्यात एकेक मावशी तीन-तीनदा होत्या. वरण-बट्टी चांगली असली की हजेरी चांगली, हे मला दिसत होतं. पण फॉरमॅटमध्ये 'प्रशिक्षित व्यक्तींची संख्या' एवढंच विचारलं होतं, 'वेगवेगळ्या व्यक्तींची' असं कुठे विचारलं होतं! असं मी स्वतःला समजावत होते.

आता यंत्राकडे येते. गोल ढोल, त्यावर बोथट पाती, समोर एक पट्टी. सोपट अर्ध्यापर्यंत आत सारायचं, गर खरवडला जातो, मग ओढून घ्यायचं आणि उलटं करून दुसरं टोक द्यायचं. हातात उरतो ओला, हिरवट-पांढरा धागा. आमच्या यंत्रावर शंभर किलो खोडातून किलो-दीड किलो निघायचा. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. हे यंत्र शेतकरी कंपनीच्या संकलन शेडमध्ये पक्क्या सिमेंटच्या ओट्यावर बसवलं होतं, कारण मालमत्ता नोंदवहीत 'स्थान' असा रकाना असतो आणि यंत्र तिथेच सापडावं लागतं.

यंत्र वारंवार बंद पडायचं. धागा दांड्याभोवती गुंडाळून बेअरिंगमध्ये शिरायचा, चीक वाळून घट्ट व्हायचा. बनवणाऱ्याचा माणूस यायला आठ दिवस. मग कंपनीच्या चेअरमननी सावद्याच्या रस्त्यावरच्या एका फिटरला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. सगळे त्याला मामा म्हणायचे. त्याने बेअरिंग बदललं, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची एक गोल चकती कापून दांड्यावर अशी बसवली की धागा पलीकडे जाईचना. पुढे ते बेअरिंग प्रकल्प संपेपर्यंत गेलं नाही. बिल झालं आठशे चाळीस रुपये. त्याने ते वहीच्या पानावर लिहून दिलं. आमच्या लेखा विभागाने ते परत पाठवलं: जीएसटी क्रमांक नाही, शिक्का नाही. मी ते पान फाईलला लावलं आणि मामाला म्हटलं, बघते.

त्याच दिवशी खोडाची ट्रॉली खाली होत होती. मामा हात पुसत बघत उभा होता. मग मला म्हणाला, "ताई, एक सांगू? तुम्ही खोड न्ही, पानी वाहून राह्यल्या."

मी हसले. वाक्य छान होतं. पण कुठे लिहून ठेवलं नाही.

दोन महिन्यांनी मामाने एका शेतकऱ्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्याच पैशाने स्वतःचं यंत्र केलं. भंगारातला ढोल, अँगलची चौकट, खाली मोडक्या बैलगाडीची डनलपची चाकं, आणि मोटरऐवजी ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे त्याच्या इंजिनाने फिरणाऱ्या दांड्यावर, चालायची सोय. यंत्र बांधावर न्यायचं, बागेतली खोडं खांद्यावर बांधापर्यंत आणायची, गर आणि पाणी तिथेच शेतात पडू द्यायचं आणि गावात यायचा तो फक्त धागा. मी ते डोळ्यांनी पाहिलं, एक फोटोही काढला. त्या तिमाहीच्या माझ्या अहवालात त्याचा एक शब्द नाही. कुठल्या रकान्यात लिहिणार? ते आमच्या निधीतून झालं नव्हतं, आमच्या लाभार्थीच्या शेतात नव्हतं, पात्याचा कोनही साधाच होता.

मध्यावधी आढाव्याला समिती आली ती चैत्रात. तिघे जण होते: एक निवृत्त अभियंता-शास्त्रज्ञ दक्षिणेकडचे, एक वस्त्रतंत्राच्या बाई, एक वित्त विभागाचे अधिकारी. विद्यापीठाच्या सभागृहात सरांनी वीस मिनिटांचं सादरीकरण केलं. पहिलाच प्रश्न अभियंत्यांचा: नवसारी कृषी विद्यापीठाने राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पात हेच केलं आहे, खोडाचा धागा, रसाचं द्रवखत, सगळी मूल्यसाखळी. त्यात मुंबईची कापूस तंत्रज्ञान संस्था होती, सुरतेची 'मंत्रा' ही वस्त्रसंशोधन संस्था होती. मग तुमचं नवं काय?

प्रश्न वाजवी होता. तो प्रकल्प जागतिक बँकेच्या मदतीने २००६ ते २०१४ देशभर चालला आणि संस्थांनी संघ करून एकत्र काम करायची जी रीत आज आम्ही वापरतो ती शेती संशोधनात त्यानेच रुळवली. आणि नवसारी काही परदेशात नाही, भुसावळ-सुरत पॅसेंजरला बसा आणि सुरतेहून पुढे जा. सर म्हणाले, "आमच्या पात्याचा कोन वेगळा आहे." समितीने लिहून घेतलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण कोनाने नेमका किती फरक पडला याची मोजणी आमच्याकडे एकाच दिवसाची होती.

मग शेडवर प्रात्यक्षिक. भेट ठरली होती शुक्रवारी, ती त्यांच्या सोयीने सोमवारवर गेली. आणि सोमवारी शेतीच्या विजेच्या फिडरची पाळी बदलते. दिवसाचे आठ तास संपून आमच्याकडे रात्रीच्या दहा तासांचा आठवडा लागला होता. थ्री-फेज रात्री येणार. दुपारी अडीचला, पत्रे तापलेल्या शेडमध्ये, नारळ फोडायच्या तयारीत असल्यासारखे आम्ही सगळे त्या थंड यंत्राभोवती उभे. चेअरमन अण्णा वायरमनला फोन लावत होते. वस्त्रतंत्राच्या बाई पदराने वारा घेत होत्या. सर ढोल हाताने फिरवून 'तत्त्व' समजावून देत होते.

तेवढ्यात पलीकडच्या मळ्यातून ट्रॅक्टरचा आवाज आला आणि त्यात मिसळलेली ती खरवडण्याची घरघर. अभियंते बोलणं अर्धवट सोडून तिकडे चालू लागले. आम्ही मागे. मी जरा जास्तच मागे.

बांधावर मामाची गाडी चालली होती. चार बायका कामावर, प्रत्येकीच्या साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, चिकाने काळपट पडून खडबडीत झालेला. अभियंत्यांनी धाग्याची एक लड उचलली, नखातून ओढून पाहिली. एका वहिनींना हिंदीत विचारलं, दिवसाला किती निघतो? वहिनींनी बोटं दाखवून किलो सांगितले. मजुरी रोजाने की वजनावर? वजनावर. कोण देतं? "मालक देते. धागा घेनारा येते बऱ्हानपूरकडून, तो मालकाले देते." प्रशिक्षण कुठे घेतलं? वहिनींनी शेजारणीकडे बोट केलं. शेजारणीने तिसरीकडे. ती तिसरी आमच्या शिबिराला आलेली होती. मला नावानिशी आठवत होती, कारण ती जेवायला थांबली नव्हती.

"हे यंत्र कुणाचं?" अभियंत्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "आमच्या प्रकल्पाचाच एक विस्तार…"

"माह्यं," मामा म्हणाला. त्याचं लक्ष पट्ट्याकडे होतं.

अभियंते माझ्याकडे वळले. तुमच्या अहवालात हे कुठल्या पानावर आहे? मी मान खाली घातली. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर ही फिटर जिंकला आणि विद्यापीठ हरलं अशी गोष्ट होईल. वस्त्रतंत्राच्या बाईंनी तोच धागा हातात घेऊन नापसंत केला. गर चिकटलेला, न धुतलेला, सूत काढायला निकामी, फार तर दोरीचा माल. त्यांचं बरोबर होतं, भावही दोरीचाच मिळत होता. आणि यंत्राच्या तोंडाला जाळी नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी एकीचं बोट आत जाता जाता वाचलं होतं, नख गेलं होतं. आमच्या शेडमधल्या यंत्राला जाळी होती, धुण्याची टाकी होती. म्हणजे चालत होतं त्याच्यात खोट होती, आणि खोट नव्हती ते चालत नव्हतं.

रात्री विश्रामगृहात शेवभाजी झाली. तिखटाने अभियंत्यांचं नाक वाहत होतं, तरी त्यांनी पुन्हा घेतली. मग चहावर मला बसवून घेतलं. म्हणाले, नवं या शब्दाचे दोन हिशेब आहेत आणि तू एकच ठेवतेस. पेटंटवाल्याच्या लेखी नवं म्हणजे सगळ्या जगात कुठेच नसलेलं. पण नवोन्मेष मोजणाऱ्यांचं जे जगभर वापरलं जाणारं ओस्लो मॅन्युअल आहे (पहिली आवृत्ती १९९२, चौथी २०१८) त्यात अट वेगळी आहे. ते उत्पादन किंवा ती पद्धत त्या घटकाच्या आधीच्या पद्धतीपेक्षा ठळकपणे वेगळी हवी, आणि वापरात आलेली हवी किंवा वापरणाऱ्याला मिळेल अशी केलेली हवी. जगात पहिली असायची गरज नाही. "तुमचा कोन बदललेला ढोल हे संशोधन असेल," ते म्हणाले, "संशोधन कशाला म्हणायचं ते सांगणारं पुस्तक वेगळं आहे, फ्रास्काती, १९६३ चं. पण जोवर कुणी तो वापरत नाही तोवर तो नवोन्मेष नाही. आणि ती चाकं संशोधन नाहीत, पण नवोन्मेष आहेत."

फ्रास्काती हे रोमजवळचं गाव आणि ओस्लो नॉर्वेची राजधानी. गावांची नावं पुस्तकांना पडलेली बघून मला उगाच वाटलं, एखादं सावदा मॅन्युअल का नसावं.

जाताना त्यांनी एक साधं काम सांगितलं. प्रत्येक भेटीनंतर वहीत एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: मागच्या वेळेपेक्षा इथे काय वेगळं दिसलं, आणि ते कुणी केलं? संख्या नको, हकीकत हवी. नंतर मला कळलं की या रीतीला 'सर्वांत लक्षणीय बदल' म्हणतात आणि रिक डेव्हिस नावाच्या माणसाने ती नव्वदच्या दशकात बांगलादेशात बसवली. आकड्यांचे निर्देशक आधी ठरवून ठेवले की ठरवलेलंच दिसतं, न ठरवलेलं निसटतं, म्हणून ही रीत. माझं नेमकं तेच झालं होतं.

वही सुरू केली आणि पहिल्या महिन्यात माझी चांगलीच जिरली. नमुन्यादाखल दोन नोंदी. एक: 'आबांनी खोड दिलं नाही. म्हणाले, पिलबाग धरली आहे, उभ्या खोडातलं अन्न पिलाला जातं, तुमच्या धाग्यासाठी माझं पील उपाशी ठेवू का?' पिलबाग म्हणजे त्याच बुंध्याला फुटलेल्या पिलावर घेतलेलं पुढचं पीक. आबांचं शास्त्र पक्कं होतं. घड काढल्यावर खोड लगेच तोडू नये, त्यातली अन्नद्रव्यं पिलाकडे उतरतात, हे केळीचे शास्त्रज्ञही सांगतात. आम्ही मात्र तालुक्यातलं सगळं खोड 'टाकाऊ' धरून कच्च्या मालाचा हिशेब मांडला होता. खरा माल फक्त बाग मोडतानाचा. प्रस्तावातला तो आकडा निम्म्याहून खाली आला.

दुसरी नोंद: 'मामाची दुसरी गाडी निघाली. हिला जाळी आहे. जाळी कुणी सांगितली? वहिनींनी. वहिनींना कुणी? शेडमधल्या यंत्राला पाहिली होती.' ही नोंद मला फार आवडते. आमच्या पैशाने झालेलं काहीतरी शेवटी दुसरीकडे पोचलं होतं, फक्त वाट आम्ही आखलेली नव्हती.

मग हजेरीपट काढले. मोबाईल क्रमांकावरून दुबार नावं गाळली. ३१२ चे १४७ झाले. त्यांतल्या प्रत्यक्ष काम किती जणी करतात ते कसं शोधायचं? विचारलं तर सगळ्याच हो म्हणतात, प्रकल्पाची ताई आली आहे, नाही कसं म्हणायचं! तेव्हा तो माझा डागाळलेला ड्रेस आठवला. घरी गेले की दोरीवर बघायचं, चिकाने काळा पडलेला शर्ट वाळत आहे का. एक-दोनदा धागा काढून सोडून दिला असेल तर डाग फिकट आणि एखाद-दुसरा असतो, रोजचं काम असेल तर शर्ट पुठ्ठ्यासारखा कडक होतो. १४७ घरांत तसे शर्ट सापडले १९. मी हे मोजमाप पद्धत म्हणून अहवालात लिहिलं, 'प्रत्यक्ष वापराचा अप्रत्यक्ष पुरावा' असं भारदस्त नाव देऊन.

सरांनी तक्ता पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. "हे पाठवायचं?" मी म्हटलं, दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवू. सर चांगले माणूस आहेत, भित्रे आहेत, आणि त्यांच्या जागी मीही भित्री झाले असते. कारण समितीतले अभियंते एक जण, बाकी फाईल ज्या टेबलांवरून जाते तिथे ३१२ चे १९ का झाले एवढंच विचारलं जाणार. शेवटी पाठवला. खालच्या टेबलावरून तेच विचारणारं पत्र आलं, वरून काहीच आलं नाही.

शेवटच्या सहा महिन्यांत एक ऑनलाइन प्रश्नावली आली. युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्या निधीतल्या प्रकल्पांसाठी 'इनोव्हेशन रडार' नावाची रीत सुरू केली. आढाव्याच्या वेळी तज्ज्ञ ठरलेले प्रश्न विचारतात: प्रकल्पातून नेमकं कोणतं नवं निघतं आहे, बाजाराच्या किती जवळ आहे, आणि त्यामागे कोण आहे. आमची प्रश्नावली त्याच वळणाची होती. मला ती मनापासून आवडली, कारण पहिल्यांदाच कुणी 'किती शोधनिबंध' याच्या आधी 'कुणाला हवं आहे' हे विचारत होतं. मी नवोन्मेष क्रमांक एक म्हणून लिहिलं: 'पीटीओवर चालणारं, शेताच्या बांधावर नेता येणारं धागायंत्र'. बाजाराशी जवळीक: विकलं जात आहे.

पुढचा रकाना: 'प्रमुख नवप्रवर्तक'. तिथे लिहिता येत नव्हतं, यादीतून निवडायचं होतं. ड्रॉपडाउन उघडला. चार नावं, चार भागीदार. 'इतर' नाही. मदतीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली, "मॅम, जो पार्टनर सबसे क्लोज है वो सिलेक्ट कर लीजिए." सगळ्यांत जवळचा! मामाच्या दुकानापासून शेतकरी कंपनीची शेड सहा किलोमीटर. मी कंपनी निवडली आणि शेऱ्यात खुलासा लिहायला गेले. शेऱ्याला अडीचशे अक्षरांची मर्यादा, आणि ते सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजतं. मराठीत लिहिणाऱ्याला अडीचशेतली खरी किती मिळतात ते करून बघा. 'स्थानिक फिटरने स्वतःच्या कल्पनेने' एवढं बसवायला मला 'कल्पनेने' गाळावं लागलं.

बौद्धिक संपदेचं काय, हा प्रश्नही आला. विद्यापीठाच्या कक्षाने सांगितलं की गाडी उघड्यावर, चार गावांत, सगळ्यांसमोर चालते आहे, तेव्हा पेटंटच्या दृष्टीने नवेपण कधीच गेलं. शिवाय सामंजस्य करारात प्रकल्पातून निघालेल्या संपदेची वाटणी चार सह्या करणाऱ्यांमध्ये आहे, मामाची सही कुठेच नाही. द्रवखताचा अर्ज मात्र पुढे सरकला, आणि जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ६ खाली तेव्हा राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागायची म्हणून तिथे थांबला. मामाला मी पेटंटचं समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "नक्कल करू द्या ना. वेल्डिंग कोनाचंही निघते, मोडलं का माह्याकडेच येते."

अंतिम मूल्यमापनात आम्हाला 'समाधानकारक' मिळालं. धागायंत्र टीआरएल ६ वर थांबवलं, ७ नाही. चाकांची गाडी परिशिष्टात गेली, 'क्षेत्रीय पातळीवरील बदल' या मथळ्याखाली, पान नव्वदच्या पुढे. शोधनिबंध दोन झाले, दुसऱ्यात माझंही नाव आहे. आबांचं पील उपाशी राहण्याचं कोष्टक त्यात घेतलं, याचं मला अजून बरं वाटतं.

प्रकल्प ३१ मार्चला संपला. शेडमधलं यंत्र मालमत्ता नोंदवहीत लिहिल्या जागीच आहे, ताडपत्रीखाली. मी आता एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वर्षभराने जुन्या ईमेलवर एक पानी फॉर्म आला, प्रकल्पोत्तर परिणाम, आठ दिवसांत भरून पाठवावा. सरांनी त्यांचा भाग भरला होता, उरलेल्यासाठी माझ्याकडे पुढे ढकलला होता. पहिला प्रश्न: 'प्रकल्पातील तंत्रज्ञान सध्या किती ठिकाणी वापरात आहे?' मी मामाला फोन लावला.

"मामा, गाड्या किती झाल्या आता?"

"पाचवी चालू आहे. कोन बोलतंय?"

मी नाव सांगितलं. प्रकल्पाचं नाव सांगितलं, पूर्ण, संस्थांसकट.

"कोनता प्रकल्प?"

"ते केळीच्या धाग्याचं. अण्णांची शेड. तुम्ही बेअरिंग बदललं होतं."

"हां हां, ते!" मामाचा आवाज एकदम उघडला. "ताई, बरं झालं फोन केला. ते आठशे चाळीस रुपये राह्यले न्ही का अजून."

मी फॉर्म खाली सरकवला. तळाला रकाना होता, 'प्रकल्पाशी संबंधित थकीत देयके'. त्यापुढे सरांनी आधीच लिहून ठेवलं होतं: निरंक.